कॉफीचे पाणी वर कोण ढकलते?

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने घरातील एक साधी वस्तू मोठ्या हौसेने वर्गात न्यावी आणि तिच्याविषयी चुकीचे सांगून परत यावे, असा प्रसंग माझ्यावर आला. चूक दाखवली ती अकरावीतील एका मुलीने. तिची शंका, तिला मी दिलेली उत्तरे आणि त्यानंतर आम्ही केलेले प्रयोग असे सारे येथे क्रमाने सांगतो. प्रयोगांना लागणारे साहित्य कोणत्याही शाळेच्या प्रयोगशाळेत मिळेल.

वस्तू म्हणजे कॉफी करण्याचे एक भांडे. माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त इटलीत तूरिन शहरी असतो. दिवाळीत घरी आला तेव्हा त्याने ते भेट म्हणून आणले. अॅल्युमिनियमचे, वीतभर उंचीचे, आठ पैलूंचे. इटलीत या भांड्याला ‘मोका’ म्हणतात. येमेन देशातील मोखा बंदरातून पूर्वी कॉफी जगभर जात असे, त्यावरून हे नाव पडले. अल्फोन्सो बिआलेत्ती या अॅल्युमिनियमच्या कारागिराने वायव्य इटलीत १९३३ साली ते बाजारात आणले. कपडे धुण्याच्या जुन्या हंड्यात मध्यभागी एक नळी असे. तापलेले साबणाचे पाणी नळीतून वर चढून कपड्यांवर सांडे आणि झिरपून पुन्हा खाली येई. तो हंडा पाहून ही युक्ती सुचली, असे सांगतात. दुसऱ्या महायुद्धानंतर बिआलेत्तीचा मुलगा रेनातो याने भांड्याचा प्रसार केला आणि ते इटलीत घरोघर पोहोचले. २०१६ साली रेनातो वारला, तेव्हा त्याच्या अस्थी अशाच एका मोठ्या मोकाच्या आकाराच्या कलशात ठेवल्या होत्या.

भांड्याचे तीन भाग आहेत. खाली पाण्याचा डबा. त्याच्या अंगावर, कुकरला असते तशी एक छोटी सुरक्षा झडप. डब्याच्या तोंडात बसते एक नरसाळे. नरसाळ्याच्या वरच्या वाटीला भोके असून तीत कॉफीची पूड भरायची. खालची नळी डब्याच्या तळापासून थोडी वर संपते. तिसरा भाग म्हणजे वरची किटली. ती आट्यांवर फिरवून डब्यावर घट्ट बसवायची. मध्ये रबरी वायसर असतो, त्यामुळे सांध्यातून हवा जात नाही. किटलीच्या मध्यभागी एक पोकळ दांडी उभी असते व तिच्या टोकातून तयार कॉफी बाहेर पडते. डब्यात झडपेच्या खालपर्यंत पाणी घ्यायचे, वाटीत पूड भरायची, किटली आवळायची आणि भांडे गॅसवर ठेवायचे. चार-पाच मिनिटांनी दांडीच्या टोकातून काळीभोर धार येऊ लागते. शेवटी खुर्र-खुर्र असा आवाज होतो. कॉफी झाली.

पाणी खालून वर कसे गेले? मी वर्गात फळ्यावर आकृती काढली आणि सांगितले, “पाणी १०० अंशांना उकळते, त्याची वाफ होते. वाफेला बाहेर जायला वाट नाही, म्हणून ती पाण्यावर दाब देते व पाणी नळीतून वर चढते.” कितीतरी पुस्तकांत हेच लिहिलेले आढळेल. मुलांनी वहीत उतरवून घेतले.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर ती मुलगी थांबली. आदल्या दिवशी प्रात्यक्षिकाच्या वेळी मी सर्वांना कॉफी करून दाखवली होती, तेव्हा तिने आपण होऊन तापमापी घेऊन पहिल्या धारेचे तापमान पाहिले होते. म्हणाली, “सर, पाणी १०० अंशांना उकळून वर आले ना? मग पहिली कॉफी ६४ अंशांची कशी?”

मी अनुभवी माणसाच्या आवाजात उत्तर दिले, “अगं, पाणी गार पुडीतून येते, गार धातूच्या दांडीतून येते. वाटेत उष्णता जाते.” ती मान हलवून गेली खरी, पण जाता जाता एवढे म्हणाली, “छत्तीस अंश जाते, सर?”

तो आकडा रात्री मला सुटेना. हिशेब करून पाहिला. पंधरा ग्रॅम पूड आणि थोडेसे अॅल्युमिनियम ही काही पाण्याइतकी उष्णता खाणारी द्रव्ये नव्हेत. अॅल्युमिनियमची विशिष्ट उष्णता पाण्याच्या एकपंचमांशाहून थोडी अधिक, एवढीच असते. पहिले चार थेंब गार होतील हे कबूल, पण धार लागल्यावरही तापमान इतके खाली कसे? एक गोष्ट मी अजिबात विचारात घेतली नव्हती. डब्यात झडपेच्या वर पाणी नसते. तिथे हवा असते. माझ्या आकृतीत ती जागा मी कोरीच सोडली होती.

आता उकळण्याचा प्रश्न मुळातून सोडवायचा तर पाणी उकळूच शकणार नाही अशी व्यवस्था करून पाहायला हवी. आणि ती तर प्रत्येक स्वयंपाकघरात असते. आपण लोणी किंवा मेण भांड्यात ठेवून ते भांडे उकळत्या पाण्यात बुडवतो, तशी. बाहेरचे पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, म्हणून आतलेही जात नाही. त्यातही आतल्या पाण्यावर वातावरणाहून थोडा जास्त दाब असेल, तर त्याचा उत्कलनबिंदू १०० च्या वर सरकतो आणि आतले पाणी कितीही वेळ ठेवले तरी उकळू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी मोकाचा खालचा डबा आम्ही एका पातेल्यातील उकळत्या पाण्यात उभा केला. मुले भोवती जमली. गॅसच्या ज्योतीवर लागला त्याहून बराच जास्त वेळ लागला, धारही बारीक आली, पण कॉफी आली! आत एक थेंबही उकळलेला नसताना डब्यातले बहुतेक पाणी किटलीत जाऊन बसले. वर्गात मी सांगितलेले स्पष्टीकरण त्या पातेल्यात बुडाले.

मग पाणी ढकलले कोणी? हे पाहण्यासाठी काचेचे भांडे हवे. २५० घनसेंटिमीटरचे एक शंकुपात्र घ्या. त्याला घट्ट बसणारे, दोन भोकांचे रबरी बूच घ्या. एका भोकातून तापमापी आणि दुसऱ्यातून काटकोनात वाकवलेली काचेची नळी बसवा. (काच बुचातून घालताना ग्लिसरीन लावावे, हातात फडके घ्यावे, आणि हे काम शिक्षकांनीच करावे.) नळीचे आतले टोक तळाजवळ यावे, बाहेरचे एखाद्या चंचुपात्राच्या तोंडावर. शंकुपात्र तीन-चतुर्थांश पाण्याने भरा. वर एक-चतुर्थांश हवा राहील. हा झाला काचेचा मोका, फक्त कॉफीच्या पुडीविना.

शंकुपात्र तापवण्यापूर्वी नुसते दोन्ही तळहातांत धरून पाहा. पाणी नळीत चढू लागते! आमच्या मुलांना याचेच सर्वांत नवल वाटले. मग ते रिकाम्या पातेल्यात ठेवा, भोवती साधे पाणी ओता आणि पातेले मंद आचेवर तापवा. आमच्या प्रयोगात तापमापी ४० अंशांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच नळीतून थेंब पडू लागले. पुढे ठिबक वाढत गेली आणि ८० अंशांच्या पुढे तर पाणी धावतच सुटले. नव्वदी ओलांडल्यावर थोड्याच वेळात पाण्याची पातळी नळीच्या टोकाखाली गेली आणि फुर्र-फुर्र सुरू झाले.

“हवा प्रसरण पावली, तिने ढकलले,” असे बहुतेक मुले म्हणाली. मलाही क्षणभर तसेच वाटले. पण आकडे जुळेनात. समजा डब्यात ५० घनसेंटिमीटर कोरडी हवा ३० अंशांना आहे. ती ८० अंशांपर्यंत तापवली. निरपेक्ष तापमान ३०३ वरून ३५३ झाले, म्हणजे आकारमान साधारण एक-षष्ठांशाने वाढेल. दाबातली थोडी वाढ धरली तर जेमतेम ७ घनसेंटिमीटर पाणी ढकलले जाईल. काचेच्या मोकातून तर ८० अंशांपर्यंत याच्या कितीतरी पट पाणी बाहेर आले होते. एकट्या हवेचे हे काम नव्हे.

येथे आपल्याला डाल्टनचा आंशिक दाबांचा नियम आठवायला हवा. पाण्यावरची हवा कोरडी नसते; तिच्यात पाण्याची वाफ मिसळलेली असते. वाफ व्हायला पाणी उकळावे लागत नाही, नाहीतर दोरीवरचे कपडे कधीच वाळले नसते. बंद जागेत वाफ साठत साठत एका मर्यादेपर्यंत येते. ती त्या तापमानाची संपृक्त वाफ. तिचा दाब तापमानाबरोबर सावकाश वाढत नाही, झपाट्याने वाढतो. लॉगटेबलच्या पुस्तकात मागच्या पानांवर हा तक्ता बहुधा असतो. ३० अंशांना ३२ मिलिमीटर पारा. ६० ला १४९. ७० ला २३४. ८० ला ३५५. ९० ला ५२६. आणि १०० ला ७६०, म्हणजे पुरे एक वातावरण.

आता डब्यातील हिशेब मांडू. डब्याचे आकारमान २०० घनसेंटिमीटर धरा. पाणी १५०, हवा ५०. भांडे बंद करताना तापमान ३० अंश. एकूण दाब ७६०, त्यात वाफेचा वाटा ३२, म्हणून हवेचा ७२८. पाणी वर चढत असताना आतला दाब बाहेरच्या दाबाहून थोडासाच जास्त असतो. तो आपण २० मिलिमीटर पारा धरू, म्हणजे सुमारे २७ सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका. म्हणून आतला एकूण दाब ७८०.

८० अंशांना वाफ ३५५ मिलिमीटर दाब देते. उरलेला ४२५ हवेने द्यायचा. सुरुवातीला जी हवा ७२८ दाबाखाली ५० घनसेंटिमीटरमध्ये दाटीने बसली होती, तिला आता केवळ ४२५ दाबाखाली राहायचे आहे, तेही अधिक तापमानाला. बॉइल व चार्ल्स यांचे नियम एकत्र करून

७२८ × ५० ÷ ३०३ = ४२५ × आ ÷ ३५३

यावरून आ = १०० घनसेंटिमीटर, अगदी थोड्या फरकाने. म्हणजे हवेची जागा दुप्पट झाली आणि ५० घनसेंटिमीटर पाणी बाहेर गेले. कोरड्या हवेने ढकलले असते फक्त ७! हाच हिशेब इतर तापमानांसाठी केला तर ढकललेले पाणी असे येते:

६० अंशांना – १३ घनसेंटिमीटर
७० अंशांना – २५
८० अंशांना – ५०
९० अंशांना – १२२

आणि ९२ अंशांच्या आसपास सगळे १५०. वहीत हे चार बिंदू घेऊन आलेख काढा. आलेख आधी आळसावलेला आणि मग एकदम उभा होतो. काचेच्या मोकात पाणी आधी ठिबकत होते आणि नंतर धावत सुटले, त्याचे चित्र या आलेखात दिसते.

म्हणजे काम हवा आणि वाफ दोघी मिळून करतात, आणि वाटणी मोठी मजेदार आहे. वाफ एकटी १०० अंशांखाली वातावरणाला हटवू शकत नाही. तिचा दाब ७६० पेक्षा कमीच असतो. हवा एकटी फारशी फुगत नाही. पण दाबाचा मोठा वाटा वाफेने उचलला की हवेवरचा भार हलका होतो व ती मोकळी पसरते. तिने केलेली जागा पाण्यातून उठलेली नवी वाफ लगेच भरून काढते. हवेचे प्रमाण वाढत नाही, वाफेचे मात्र सतत वाढत राहते.

आता त्या ६४ अंशांकडे वळू. हिशेबाप्रमाणे पाणी ६० अंशांच्या आधीच नळीत चढते. पण ते ताबडतोब किटलीत दिसत नाही, कारण वाटेत कोरडी पूड आहे. कॉफीची पूड आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी शोषून घेते. पंधरा ग्रॅम पुडीला तीसेक घनसेंटिमीटर पाणी लागले. एवढे पाणी वर यायला आपल्या तक्त्यात डब्याचे तापमान ७० च्या थोडे पुढे जावे लागते. म्हणजे किटलीत पहिली धार येईल तेव्हा डब्यात पाणी सत्तर ते पंचाहत्तर अंशांचे असेल. वाटेत सात-आठ अंश गेले तर तापमापी ६४ च्या जवळपास दाखवणारच. माझे “वाटेत उष्णता जाते” हे म्हणणे सात-आठ अंशांपुरते खरे होते. छत्तीस अंशांसाठी नव्हे. मी वर्गात जाऊन तसे सांगितले आणि मुलांना वहीतील जुने वाक्य खोडायला लावले.

हा हिशेब ढोबळ आहे, हे मात्र ध्यानात ठेवा. गॅसवर डब्याचा तळ आणि वरची हवा एकाच तापमानाला नसतात. ज्योत मोठी असेल तर पाणी जोराने ढकलले जाते, आतला दाब २० मिलिमीटरहून बराच वाढतो आणि शेवटचे पाणी १०० अंशांच्या पुढेही जाऊ शकते. पण सुरुवात उकळण्याच्या कितीतरी आधी होते, हे उकळत्या पाण्याच्या पातेल्याने निर्विवाद दाखवले आहे. नंतर शोधले तेव्हा कळले की, आमच्यासारखे आणखी काही लोक या भांड्याच्या नादी लागले होते. ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’ या नियतकालिकात कॉन्चेत्तो जानीनो यांनी २००७ साली आणि वॉरन किंग यांनी २००८ साली मोकाच्या पदार्थविज्ञानावर लेख लिहिले आहेत.

वर्गातली गोष्ट एवढ्यावर संपली नाही. तीच मुलगी पुन्हा उभी राहिली. “सर, हवेशिवाय होत नाही असे आपण म्हणतो. मग हवा काढूनच टाकली तर?” प्रश्न बिनतोड होता. जे कारण आपण मानतो ते काढून घ्यावे आणि परिणामही जातो का ते पाहावे, याला पर्याय नाही.

शंकुपात्र काठोकाठ भरून, बुचाखाली बुडबुडाही राहणार नाही असे बंद केले आणि पातेल्यात ठेवले. पहिल्या खेपेला फजिती झाली. पाणी तापू लागताच काचेच्या आतल्या अंगाला मोत्यांसारखे बारीक बुडबुडे धरले, ते वर गेले, बुचाखाली हवेचा एक कप्पा तयार झाला आणि नळीतून बरेच पाणी आले. नळाच्या पाण्यात हवा विरघळलेली असते, पाणी तापले की ती बाहेर पडते. (मासे याच हवेवर जगतात.) म्हणून दुसऱ्या खेपेला पाणी आधी चांगले उकळून, झाकून गार करून घेतले. आता शंकुपात्र पातेल्यात ठेवले, बाहेरचे पाणी खदखदू लागले, तापमापी ९५ च्या वर गेली. नळीतून थोडेसे पाणी आले आणि ठिबक थांबली. अर्धा तास बसलो. पुढे काही नाही.

थोडे आले ते पाण्याच्या स्वतःच्या प्रसरणामुळे. ३० पासून ९० अंशांपर्यंत पाणी सुमारे तीन टक्क्यांनी फुगते. वाफ व्हायला जागाच नव्हती. बुडबुडा धरायचा तर त्यातील वाफेने एकटीने आतला सगळा दाब पेलायला हवा, आणि ते १०० अंशांखाली शक्य नाही. तेव्हा माझे पहिले स्पष्टीकरण अगदीच खोटे नव्हते. हवा नसलेल्या भांड्याला ते लागू पडले असते. (हा प्रयोग काचेच्या पात्रात, नळी उघडी ठेवून आणि पाण्याच्या पातेल्यातच करायचा. खऱ्या मोकात झडपेच्या वर पाणी कधीही भरू नका, आणि शंकुपात्र थेट ज्योतीवर ठेवू नका.)

पाणी पुडीतून कसे जाते याचाही एक नियम आहे. फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करणाऱ्या हेन्री दार्सी या इंजिनियरने वाळूतून पाणी झिरपवून तो शोधला आणि १८५६ साली प्रसिद्ध केला. प्रवाह दाबातील फरकाच्या व थराच्या क्षेत्रफळाच्या सम प्रमाणात असतो, थराच्या जाडीच्या व द्रवाच्या चिकटपणाच्या व्यस्त प्रमाणात. जानीनो यांनी कॉफीच्या थराला हाच नियम लावला आहे. विहिरीचे पाझर आणि कॉफीची वाटी या दोहोंना एकच नियम पुरतो. ९० अंशांच्या पाण्याचा चिकटपणा ३० अंशांच्या पाण्याच्या दोन-पंचमांश असतो. पाणी शेवटी धावत सुटते त्याला हेही एक कारण. दक्षिणेकडील पितळी फिल्टरमध्ये पाणी वरून घालतात व ते केवळ गुरुत्वाकर्षणाने, काही सेंटिमीटर उंचीच्या दाबावर उतरते. म्हणून त्याला सावकाश ठिबकायला वेळ द्यावा लागतो. मोकात तोच दाब कितीतरी पट असतो.

थरातून पाणी किती सहज जाईल हे पुडीच्या कणांवर फार अवलंबून असते. कणांचा व्यास निम्मा केला तर वाट सुमारे चौपट अवघड होते. हे मला ठाऊक होते, तरी एका रविवारी मी पिठासारखी बारीक पूड घेतली आणि चमच्याने दाबून बसवली. पाच मिनिटे झाली, सात झाली, कॉफी येईना. मग झडपेतून वाफेची फुसकारी आली आणि आमच्या घरातील सर्वांनी स्वयंपाकघर सोडले. मी गॅस बंद केला. भांडे पूर्ण गार होईपर्यंत त्याला हात लावला नाही, तुम्हीही लावू नका.

तेव्हा आत काय चालले होते ते आता आपण काढू शकतो. पाणी हललेच नाही असे धरा. मग हवेची जागा ५० घनसेंटिमीटरच राहिली. १०० अंशांना हवेचा दाब ७२८ × ३७३ ÷ ३०३ म्हणजे ८९६, वाफेचा ७६०, एकूण १६५६. बाहेरच्यापेक्षा जवळजवळ १.२ वातावरण जास्त. १२० अंशांना वाफ १४८९ आणि हवा ९४४. आतला दाब बाहेरच्यापेक्षा २.२ वातावरण जास्त. आपला कुकर शिटी देतो तो सुमारे एक वातावरण जादा दाबाला. म्हणून झडप मोकळी आहे ना, हे अधूनमधून पाहावे, आणि पूड रव्यासारखी घेऊन नुसती सारखी करावी, दाबू नये.

चवीविषयी थोडे. कॉफीचे जाणकार पाणी ९० ते ९६ अंशांचे असावे असे मानतात. तक्त्याप्रमाणे गार पाण्याने सुरुवात केली तर पुष्कळसे पाणी ९० अंशांच्या आधीच पुडीतून निघून जाते. म्हणून काही लोक डब्यात आधीच तापवलेले पाणी घालतात. त्याने वेळ वाचतो एवढेच मला वाटत होते. पण हिशेब पाहा. ८० अंशांचे पाणी घातले आणि वरच्या जागेत वाफ भरून थोडी हवा बाहेर गेल्यावर डबा बंद झाला, तर आत हवेचा दाब ७२८ ऐवजी ४०५ च राहील. ढकलणारी हवा कमी, म्हणून पाणी वर जायला अधिक तापमान लागणार. ९० अंशांना केवळ ३२ घनसेंटिमीटर आणि ९५ ला ९५ घनसेंटिमीटर पाणी गेलेले असेल. बहुतेक पाणी हव्या त्याच तापमानाला पुडीतून जाते. (डबा तापलेला असतो, तेव्हा किटली आवळताना फडक्याने धरावा.)

शेवटची खुर्र-खुर्र म्हणजे पाण्याची पातळी नळीच्या टोकाखाली गेल्याची खूण. आता वाफ आणि राहिलेले कडकडीत पाणी मिळून पुडीतून घुसते आणि पुडीतील कडवट अंश ओढून आणते. आवाज सुरू होताच भांडे उतरवावे. तळाशी थोडे पाणी नेहमीच राहते, कारण नळी तळाला टेकलेली नसते.

आणखी एक प्रश्न तुमच्यासाठी ठेवतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर उंचीवर आहे. तिथे वातावरणाचा दाब साधारण ६४५ मिलिमीटर पारा असतो आणि पाणी पंचाण्णव-शहाण्णव अंशांना उकळते. हाच मोका तिथे नेला, ५० घनसेंटिमीटर हवा ठेवून २० अंशांना बंद केला आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा पूर्वीइतकाच, २० मिलिमीटरने, जास्त धरला, तर ८० अंशांना किती पाणी वर गेलेले असेल? २० अंशांना बाष्पदाब १७.५ मिलिमीटर घ्यावा. माझे उत्तर ७२ घनसेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे घरच्यापेक्षा कितीतरी जास्त आले. तुमचे किती येते ते काढा. माझी चूक निघाली तर जरूर कळवा, मला सवय झाली आहे.